मीटर लावून बघितलं का?

सोमवार आणि गुरुवार हे आमच्या सासूबाईंच्या डायलिसिसचे दिवस. सकाळी साडेसहाला निघावं लागतं, कारण जिल्ह्याच्या गावी नंबर गेला की दुपारपर्यंत बसा. आणि नेमक्या अशाच एका गुरुवारी गाडीने ‘टक्‌’ असा एक आवाज काढला आणि गप्प झाली. सासूबाई मागच्या सीटवर, हातात डबा, पायावर सूज. त्या काही बोलल्या नाहीत, पण त्यांचं ते न बोलणंच मला जास्त लागलं. शेजारच्या भाऊजींनी धक्का मारून दिला म्हणून निभावलं.

गाडी २००४ सालची, छोटी, पेट्रोलवर चालणारी. घरात ती मीच चालवते. तरीही गॅरेजमधले दादा म्हणाले, ‘‘वहिनी, साहेबांना पाठवा, त्यांना समजावून सांगतो.’’ समजावण्यासारखं काही नव्हतंच. ‘बॅटरी गेलीय, नवीन टाका’ एवढंच! टाकली. दोन महिन्यांनी पुन्हा तेच. गाडी रोज फिरवली तर ठीक, दोन-तीन दिवस उभी राहिली की बॅटरी उतरलेली. मग दादांनी नवं निदान केलं, ‘‘जुनी गाडी आहे, ईसीएम बॅटरी खातोय. अख्खं मोड्यूल बदलावं लागेल.’’ खर्च? अठरा हजार.

मैत्रिणींनो, इथे मी पहिल्यांदा तो प्रश्न विचारला, जो बॅटरी घेतानाच विचारायला हवा होता. ‘‘दादा, मीटर लावून बघितलं का?’’ उत्तर आलं, ‘‘अनुभवाने कळतं.’’

अनुभवाला मी कमी लेखत नाही. पण साधा ताप आला तरी डॉक्टर आधी थर्मामीटर लावतात. गाडीच्या बाबतीत मात्र ‘बदलून बघू’ हा उपचार आपण निमूट मान्य करतो, आणि बाईमाणूस समोर असेल तर अंमळ जास्तच.

ईसीएम म्हणजे गाडीच्या इंजिनाचा मेंदू. २००० सालापासून प्रदूषणाचे नियम कडक होत गेले, कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय इंजिनं आली आणि पेट्रोल किती, कधी सोडायचं हे हा डबा ठरवू लागला. किल्ली काढल्यावरही आठवण जपायला तो किंचित वीज घेतो, तो त्याचा हक्कच आहे. सगळ्या गाडीचं मिळून हे किरकोळ खाणं साधारण ५० मिलीअँपिअरच्या आत असावं. त्याहून जास्त असेल तर कुठेतरी नळ गळतोय असं समजायचं.

आपल्याकडे रात्री भरलेली टाकी सकाळी रिकामी दिसली, तर आपण नवी टाकी आणतो का? एकेक नळ बंद करून बघतो. बॅटरीचंही तसंच आहे.

माझी भाची पॉलिटेक्निकला आहे. तिने तीनशे रुपयांचा मल्टिमीटर आणला. आधी बॅटरीच तपासली. रात्रभर चार्ज करून, थोडा वेळ तशीच ठेवून मोजली तर १२.६ व्होल्ट, म्हणजे भरलेली. इंजिन चालू केल्यावर १४.१. हा आकडा १३.८ ते १४.४ च्या आसपास असला की चार्जिंग नीट होतंय. मग इंजिन बंद, किल्ली बाहेर, दारं लावलेली, फक्त बॉनेट उघडं. निगेटिव्हची वायर काढली आणि ती वायर व बॅटरीचं टोक यांच्यामध्ये मीटर जोडला, दहा अँपिअरच्या खाचेत. (अशा वेळी बांगड्या, अंगठ्या, लांब मंगळसूत्र काढून ठेवावं बरं का. धातू चुकीच्या जागी टेकला तर हात भाजतो. मीटर अँपिअरवर असताना बॅटरीच्या दोन्ही टोकांना कधीही लावू नये, आणि तो मध्ये असताना स्टार्टर मारू नये.)

सुरुवातीला आकडा मोठा दिसतो, कारण गाडी नुकतीच जागी झालेली असते. अर्धा तास थांबलो, चहा झाला. आकडा ०.४२ वर येऊन थबकला. म्हणजे दिवसाला सुमारे १० अँपिअर-तास. आमची बॅटरी ३५ ची. सोमवार संध्याकाळ ते गुरुवार पहाट याचा हिशेब तुम्हीच मांडा! वर असं दोन-चारदा पूर्ण उतरवलं की नवी बॅटरीही कायमची अशक्त होते. माझे बॅटरीचे पैसे कुठे चालले होते, ते मला तिथे दिसलं.

मग एकेक फ्यूज काढत गेलो. दिवे, टेप, हॉर्न, काही फरक नाही. ईसीएमचा फ्यूज काढला आणि आकडा ०.०३ वर घसरला. मी म्हटलं, झालं, दादांचंच खरं! भाची म्हणाली, ‘‘मावशी, थांब. ईसीएम जागा आहे हे कळलं. त्याला कोण जागवतंय, ते बघायला नको?’’

इथेच बहुतेक गॅरेजं थांबतात आणि इथेच अठरा हजारांचा फरक पडतो. ईसीएमला मुख्य वीज एका रिलेतून मिळते. किल्ली काढल्यावर काही सेकंदांत तो सुटायला हवा. जुना झाला की त्याच्या आतले पॉइंट चिकटून बसतात आणि गाडी बंद असूनही ईसीएम जागाच राहतो. कधी किल्लीचा स्विच झिजलेला असतो, कधी मागाहून बसवलेला अलार्म किंवा टेप चुकीच्या वायरीत घुसवलेला असतो, कधी जोडणीत पाणी शिरलेलं असतं. हे सगळं पडताळून झाल्यावर मगच ईसीएमकडे संशयाने बघावं. फ्यूज पुन्हा लावून भाचीने रिले उपटला, आकडा पडला. शेजारचा तसाच दुसरा रिले त्या जागी बसवला, आकडा ०.०३ वरच. दोष रिलेचा होता. नवा रिले अडीचशे रुपयांना मिळाला. (एक सांगायचं राहिलं, सगळे फ्यूज काढूनही आकडा उतरला नाही तर अल्टरनेटरकडे बघा. त्याच्या आतले डायोड खराब झाले तरी बॅटरी उतरते, आणि त्याची जाड वायर फ्यूजबॉक्समधून जातेच असं नाही. बॅटरी सोडवल्यावर इंजिन एक-दोन दिवस अडखळलं तर घाबरू नये. ईसीएम आपली सवय विसरलेला असतो, तो पुन्हा शिकतो.)

दादांना लुटारू म्हणायची माझी तयारी नाही, कारण यात आपलीही चूक आहे. बॅटरी विकली की त्यांना चार पैसे सुटतात. तासभर मीटर धरून बसले तर आपण म्हणतो, ‘‘नुसतं बघायचे कसले पैसे?’’ डॉक्टरची फी मुकाट्याने देतो, मेकॅनिकच्या डोक्याची मात्र घासाघीस करतो. मग त्याने कशाला तपासावं? तपासणीची मजुरी वेगळी ठरवावी, आणि ती देणारी बाई समोर उभी असताना आकडा तिलाच दाखवावा, असं माझं स्पष्ट मत आहे. पार्ट बदलायचा असेल तर आधीचा आकडा आणि नंतरचा आकडा, दोन्ही कागदावर हवेत.

मी रिले घेऊन दादांकडे गेले. त्यांनी उलटून पालटून बघितला, हलवून कानाशी धरला. ‘‘मीटर होता आपल्याकडे, पण वायरी तुटल्यात,’’ म्हणाले. मी तपासणीचे दीडशे देऊ केले, तर घेईनात. ‘‘केलंच नाही, तर घेऊ कशाचे?’’ पुढच्या महिन्यात ब्रेक दाखवायला गेले तेव्हा भिंतीवरच्या खिळ्याला नव्या वायरींचा मीटर अडकवलेला होता, आणि पॅडची जाडी त्यांनी मला दाखवली. ‘साहेबां’ची चौकशी केली नाही.