विश्लेषण : न वापरलेला सुटा भाग विमानाचे सुकाणू कसा अडकवतो?

६ फेब्रुवारी २०२४. बहामाजमधील नसाऊहून निघालेले युनायटेड एअरलाइन्सचे ‘बोइंग ७३७ मॅक्स ८’ अमेरिकेतील न्यूअर्क विमानतळावर उतरले. चाके टेकल्यावर विमान धावपट्टीच्या मध्यरेषेवर ठेवण्यासाठी कॅप्टनने सुकाणूचे पेडल दाबले, तर ते जागचे हलेना. मग पुढचे चाक वळवणाऱ्या हातातल्या टिलरने त्याने विमान सरळ ठेवले आणि सहवैमानिकाची मदत मागितली. तेवढ्यात पेडल पूर्ववत चालू लागले. १५५ प्रवासी आणि ६ कर्मचारी सुखरूप उतरले. काही घडले होते, हे प्रवाशांपैकी बहुतेकांना कळलेही नसावे.

उतरतानाच सुकाणू एवढे महत्त्वाचे का?

शेपटीच्या उभ्या पंखाला मागच्या बाजूने जोडलेला हलता भाग म्हणजे सुकाणू, अर्थात रडर. आकाशात वळण्यासाठी वैमानिक मुख्यतः आडव्या पंखांवरच्या फळ्या वापरतो. सुकाणूची गरज तिथे थोडीच. उतरताना मात्र चित्र उलटे होते. आडवा वारा असेल तर विमान नाक वाऱ्याकडे किंचित तिरपे ठेवून येते आणि टेकताना ते सरळ करण्याचे काम सुकाणू करते. टेकल्यावरही वेग बराच असतो. टिलर हा खरे तर कमी वेगात वळण्यासाठी असतो, त्यामुळे तोवर दिशा सुकाणूनेच सांभाळायची. दहा किलोमीटर उंचीवर बिघाड झाला तर चेकलिस्ट काढून वाचता येते. धावपट्टीवर हातात काही सेकंदच असतात.

दोष कुठे सापडला?

तीन दिवसांनी घेतलेल्या चाचणी उड्डाणात बिघाड पुन्हा दिसला. संशय गेला ‘कॉलिन्स एरोस्पेस’च्या एसव्हीओ-७३० या अॅक्चुएटरवर. दाट धुक्यात विमान आपोआप उतरवल्यावर ते धावपट्टीवर सरळ ठेवणे, एवढेच याचे काम. गंमत अशी, की युनायटेडला ही सोय नकोच होती. तिच्या विमानात ती बंद करून ठेवली होती, पण भाग सुकाणूच्या यंत्रणेला जोडलेलाच राहिला. तो काढून टाकल्यावर सुकाणू नीट चालू लागले.

अमेरिकेच्या ‘एनटीएसबी’ या अपघात तपास यंत्रणेने हा अॅक्चुएटर आणि तसाच दुसरा अॅक्चुएटर थंडीत तपासला. दोन्ही नीट चालेनात. कारखान्यात एक बेअरिंग चुकीच्या पद्धतीने बसवले गेले होते. त्याची सील नसलेली बाजू ओलाव्याला उघडी पडली, आत पाणी शिरले आणि गोठले. प्रवासी विमान ज्या उंचीवर उडते तिथे बाहेर उणे ५० अंशांच्या आसपास तापमान असते, हे लक्षात घेतले तर यात आश्चर्य नाही. असे ३५३हून अधिक अॅक्चुएटर फेब्रुवारी २०१७पासून बोइंगकडे गेले होते.

धोक्याचा इशारा कधी मिळाला?

एनटीएसबीने तातडीच्या शिफारशी केल्या त्या २६ सप्टेंबर २०२४ रोजी, म्हणजे घटनेनंतर साडेसात महिन्यांनी. तपासाला वेळ लागतो, हे मान्य. पण यातली खरी गंभीर बाब सुट्या भागाची नसून वैमानिकांना दिलेल्या सूचनेची आहे. सुकाणू अडकले तर सर्व जोर लावा, गरज पडल्यास दोघांनी मिळून लावा, असे बोइंगची पुस्तिका सांगत होती. आकाशात हे ठीक. धावपट्टीवर मात्र दोघांनी पूर्ण ताकद लावली आणि बर्फ अचानक सुटला, तर सुकाणू एका झटक्यात भलत्या कोनात जाईल आणि विमान धावपट्टी सोडेल, ही एनटीएसबीची भीती होती. म्हणजे पुस्तिकेबरहुकूम वागणारा वैमानिकच अपघात ओढवून घेईल. एवढी सूचना बदलायला कारखान्यातला दोष पूर्ण उलगडण्याची वाट पाहण्याची गरज नव्हती.

‘७३७’च्या सुकाणूचा इतिहास पाहता तर नाहीच. ३ मार्च १९९१ला कोलोरॅडो स्प्रिंग्जजवळ २५ आणि ८ सप्टेंबर १९९४ला पिट्सबर्गजवळ १३२ जणांचा बळी गेला. दोन्ही विमाने उतरण्याच्या तयारीत होती. तेव्हाचा दोष वेगळा होता : झडप अडकून सुकाणू वैमानिकाच्या इच्छेच्या उलट दिशेला वळत होते. तोही उघड झाला तो अतिशय थंड झडपेत गरम हायड्रॉलिक तेल सोडल्यावर. सुकाणूची रचना बदलण्याचा आदेश निघायला २००२ साल उजाडले.

भारताशी संबंध काय?

एअर इंडिया एक्स्प्रेस, अकासा आणि स्पाइसजेट या कंपन्या ‘७३७’ उडवतात. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे ‘डीजीसीए’ने, ऑक्टोबर २०२४मध्ये त्यांना जोखमीचे मूल्यमापन करायला, वैमानिकांना परिपत्रकाने कळवायला आणि हा बिघाड त्यांच्या नियमित प्रशिक्षणात घ्यायला सांगितले. हा अॅक्चुएटर असलेल्या विमानांचे ‘कॅट थ्री-बी’ पद्धतीने उतरणे, अगदी सरावापुरतेही, थांबवले. पुस्तिका सुधारून येण्याची वाट न पाहता हे केले, हे बरे झाले.

त्याची किंमत दिल्लीच्या डिसेंबर-जानेवारीतल्या धुक्यात मोजावी लागते. तिथे दृश्यमानता ५० मीटरवर आली तरी उतरता येते ते याच पद्धतीने. पुण्या-मुंबईहून निघालेले असे ‘७३७’ त्या पहाटे जयपूरला वळवले गेले, तर प्रवाशांची चिडचिड होणारच. पण वैमानिकाचा निर्णय त्या वेळी बरोबर असतो. विमान कंपन्यांना विचारायचे ते वेगळेच आहे. सदोष भागांपैकी ७५पर्यंत दुरुस्ती-बदलाच्या बाजारात गेले असावेत, असा एनटीएसबीचा अंदाज आहे. ते कोणत्या विमानाच्या शेपटीत बसले, हे कंपन्यांच्या देखभाल नोंदींतूनच शोधता येईल. आपल्या ताफ्यात असे किती होते आणि किती काढले, हा आकडा त्यांनी जाहीर करायला काय हरकत आहे?