संगणकाचा वेग वाढवितांना स्मृतीचें काय होतें?

जालन्याच्या एखाद्या रोलिंग मिलमध्यें लालभडक सळई रुळांच्या एका जोडींतून दुसऱ्या जोडींत शिरतांना ज्यांनीं पाहिली असेल, त्यांस आजचा विषय जड जाऊं नये. मागील रूळ वाजवीपेक्षां अधिक फिरले कीं सळई मध्येंच वांकते. पुढचे अधिक फिरले कीं ती ताणली जाते. संगणकाच्या पोटांत प्रोसेसर आणि त्याची स्मृति, म्हणजे रॅम, यांचें नातें असेंच आहे.

हल्लीं घरोघरचे महाविद्यालयीन चिरंजीव आपल्या संगणकाचा वेग कारखान्यानें ठरविलेल्या मर्यादेच्या वर नेऊं पाहतात. यास ओव्हरक्लॉकिंग म्हणतात. 'प्रोसेसर जळणार तर नाहीं ना?' असें वडील मंडळी विचारतात. शंका रास्त आहे. पण पुष्कळदां खरी गोम असते ती स्मृतींत.

इंटेलच्या सेलेरॉन ३०० ए या १९९८ सालच्या स्वस्त प्रोसेसरचेंच पहा. मदरबोर्डचा मूळ ठोका ६६ मेगाहर्ट्झ, गुणक साडेचार, म्हणून वेग ३००. गुणकास कुलूप असल्यामुळें हौशी लोकांनीं मूळ ठोकाच १०० केला, आणि तोच प्रोसेसर ४५० वर धांवूं लागला! परंतु त्याबरोबर स्मृतीलाहि ६६ वरून १०० वर जावें लागे. त्या वेगाकरितां बनविलेली पट्टी असली तर ठीक. जुनी ६६ ची असली तर गाडें अडण्याचा संभव मोठा.

पुढें स्मृतीकरितां निराळें प्रमाण ठरवितां येऊं लागलें, तरी बंधन सुटलें नाहीं. २००६ सालच्या कोअर २ ड्युओ ई ६६०० मध्यें मूळ ठोका २६६ व गुणक ९ होता. प्रमाण २:३ ठेविल्यास स्मृतीचा ठोका ४०० होई. बाजारांत त्यास ८०० म्हणत, कारण डीडीआर जातीची स्मृति एका ठोक्यांत दोनदां माल देते. आतां मूळ ठोका ३३३ केला कीं प्रोसेसर २.४ वरून ३ गीगाहर्ट्झवर जातो, आणि स्मृति ८०० वरून १००० वर. 'मीं रॅमला हातहि लावला नाहीं,' असें चिरंजीव शपथेवर सांगतात, व तें अक्षरशः खरें असतें! प्रमाण १:१ केलें कीं स्मृति ६६७ वर उतरते. २०११ पासून इंटेलच्या यंत्रांत मूळ ठोका १०० च्या आसपासच ठेवून गुणक वाढविण्याची रीत पडली, त्यामुळें ही फरफट बरीच थांबली.

दुकानांतील मोठ्या आंकड्यांनींहि भुलूं नये. ४०० ची जुनी चांगली पट्टी दोन ठोके थांबून उत्तर देई. आजची ६००० ची पट्टी तीस ठोके थांबते. पहिलीचा खरा ठोका २००, दुसरीचा ३०००. हिशेब केल्यास दोहोंचा थांबा १० नॅनोसेकंदच भरतो. वाढला तो माल देण्याचा झपाटा.

रॅममधील प्रत्येक बिट म्हणजे विद्युद्भाराचें गळकें भांडें. तें साधारणतः ६४ मिलिसेकंदांत एकदां पुन्हां भरावें लागतें. पट्टीचें तपमान ८५ अंशांवर गेल्यास निम्म्या काळांत. मे महिन्यांत जालन्यास खोलीबाहेर पारा चाळिशीच्या वर असतां, डिसेंबरांत निर्दोष ठरलेली मांडणी टिकेलच असा भरंवसा कोणीं द्यावा?

आणि स्मृतीचा दोष मुका असतो. कधीं यंत्र बंद पडतें, तें एक परी बरें. कधीं एखादाच बिट उलटतो, कांहीं दिसत नाहीं, आणि बिघडलेला मजकूरच डिस्कवर उतरतो. आजोबांच्या वह्यांचीं छायाचित्रें किंवा शेतीचा वर्षाचा हिशेब असा हळूहळू कुजला, तर कित्येक महिन्यांनीं कळावयाचें. घरगुती यंत्रांत हा दोष पकडण्याची पुरी सोय सहसा नसते.

म्हणून कुटुंबाचे कागद ज्या यंत्रावर आहेत त्याची स्मृति मूळ वेगावरच राहूं द्यावी, असें आमचें स्पष्ट मत आहे. हौस भागवावयाचीच असल्यास प्रथम सर्व कागदांची प्रत दुसऱ्या डिस्कवर काढून ती यंत्रापासून वेगळी ठेवावी. मग प्रमाण उतरवून एकट्या प्रोसेसरची परीक्षा घ्यावी, व स्मृतीचा वेग मागाहून वाढवावा. मेमटेस्ट८६ हा कार्यक्रम रात्रभर तर चालवावाच, पण उन्हाळ्याच्या भर दुपारींहि एकदां चालवावा. एक जरी चूक दिसली तरी वेग खालीं आणावा. यंत्र मुळींच सुरू न झाल्यास मदरबोर्डावर सीमॉस पुसण्याची सोय असते. तिची जागा पुस्तिकेंत आधींच पाहून ठेवावी.