मुलाखत घेतली, तर निकालही कळवावा



सॉफ्टवेअर कंपनीत मुलाखत दिलेल्या उमेदवाराला निकाल ठरावीक मुदतीत लेखी कळवणे कंपनीवर कायद्याने बंधनकारक असावे, ही मागणी आता गांभीर्याने पुढे यायला हवी.

पुणे परिसरात हिंजवडी, खराडी वा मगरपट्ट्यातील कंपन्यांत निवडीचे टप्पे साधारणतः ठरलेले असतात : प्रथम ॲप्टिट्यूड टेस्ट, म्हणजे गणित, तर्क व इंग्रजीची चाळणी परीक्षा; मग कोडिंग राउंड, ज्यात दिलेल्या वेळात प्रोग्राम लिहून चालवून दाखवायचा असतो; त्यानंतर एक-दोन टेक्निकल राउंड आणि शेवटी पगार व रुजू होण्याची तारीख यांविषयी बोलणारी एचआर राउंड. काही ठिकाणी घरी करून द्यायची असाइनमेंटही असते आणि तिच्यापायी शनिवार-रविवार खर्ची पडतो. टेक्निकल राउंडमध्ये परीक्षकाचा कॅमेरा बंद, उमेदवाराची स्क्रीन मात्र शेअर केलेली, आणि 'लिंक्ड लिस्ट', म्हणजे प्रत्येक नोंदीत पुढच्या नोंदीचा पत्ता असलेली साखळी, उलटी करणारा प्रोग्राम पलीकडून हूं की चूं नसताना टाइप करत राहायचे, हा अनुभव फ्रेशरपासून अनुभवी अभियंत्यांपर्यंत अनेकांच्या वाट्याला येतो. अखेरीस 'आम्ही कळवतो' असे सांगितले जाते, पोर्टलवर 'अंडर रिव्ह्यू' ही नोंद उमटते आणि महिनोन्महिने तशीच राहते.

या मौनाची किंमत उमेदवारच मोजतो. या क्षेत्रात नोटीस पिरियड, म्हणजे राजीनाम्यानंतर जुन्या कंपनीत काढावा लागणारा काळ, पुष्कळदा ९० दिवसांचा असल्यामुळे एकीकडचा निकाल लटकला की हातातली दुसरी ऑफर स्वीकारावी की थांबावे, हे अंदाजानेच ठरवावे लागते. लातूर-नांदेडकडून येऊन पुण्यात कॉट बेसिसवर, म्हणजे सामायिक खोलीत एका खाटेपुरते भाडे भरून, राहणाऱ्या फ्रेशरची स्थिती याहून बिकट असते, कारण खोलीचे भाडे आणि मेसचे पैसे घरून मागवत तो ज्या उत्तराची वाट पाहतो, ते कित्येकदा येतच नाही.

हजारो अर्ज येतात, प्रत्येकाला कोठून उत्तर देणार, असा प्रतिवाद केला जातो. तो अर्जांपुरता ग्राह्य धरला, तरी प्रत्यक्ष मुलाखत झालेल्यांची संख्या मर्यादित असते आणि त्यांचे ईमेल कंपनीकडे असतातच. कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांताने १ जानेवारी २०२६ पासून नेमकी हीच मर्यादा आखली आहे : किमान २५ कर्मचारी असलेल्या आस्थापनेने जाहिरात दिलेल्या पदासाठी मुलाखत घेतली, तर ४५ दिवसांत उमेदवाराला निर्णय झाला की नाही हे कळवायचे असते, कारणे देण्याची सक्ती तेथे नाही. ही कल्पना भारतालाही सर्वस्वी परकी नाही. रिक्त पदे सेवायोजन कार्यालयाला कळवणे सक्तीचे करणारा १९५९ चा केंद्रीय कायदा २५ वा अधिक कामगार असलेल्या खासगी आस्थापनांना लागू होता, आणि त्याखालील नियमांत निवडीचा निकाल १५ दिवसांत कळवण्याची तरतूद होती; मात्र तो कळवायचा होता कार्यालयाला, आणि ज्याने मुलाखत दिली त्याचा विचार त्यात झालाच नाही.

कारणे देणे सक्तीचे नसले, तरी ती देता येतील अशी मुलाखत घेणे कंपनीच्याच हिताचे आहे. सर्वांना तेच प्रश्न विचारून आधी ठरवलेल्या निकषांवर तेथल्या तेथे गुण नोंदवण्याच्या पद्धतीला संरचित मुलाखत म्हणतात, आणि उमेदवार पुढे काम कसे करील याचा अंदाज ऐनवेळच्या गप्पांपेक्षा तिच्यातून अधिक चांगला बांधता येतो, हे निवडपद्धतींवरील संशोधनात वारंवार दिसून आले आहे. गुणांचा तक्ता समोर असेल, तर 'डेटाबेसची तयारी अपुरी' एवढी एक ओळ लिहिण्यास क्षणभरही लागत नाही, उमेदवाराला मात्र पुढच्या तयारीची दिशा मिळते.

महाराष्ट्रापुरता मार्ग जवळचा आहे. राज्याचा २०१७ चा दुकाने व आस्थापना अधिनियम वीस वा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना लागू होतो आणि भरतीत स्त्रियांशी भेदभाव करण्यास त्यात मनाई आहे, म्हणजे नेमणुकीपूर्वीच्या व्यवहारात तो आधीच लक्ष घालतो. मुलाखतीचा निकाल ३० दिवसांत लेखी कळवण्याचे कलम त्यातच जोडावे, निर्णय लांबला असल्यास तसे कळवण्याची मुभा ठेवावी, आणि येत्या अधिवेशनात कामगार विभागाने या दुरुस्तीचा मसुदा मांडावा.

— एक वाचक, पुणे