खारवट म्हणजे नेमके काय?

जमीन बिघडली की तिला सरसकट ‘खारवट’ म्हणण्याचा आपल्याकडे प्रघात आहे. कृष्णाकाठी शिरोळ, मिरज, वाळवा या भागांत उसाला अमर्याद पाणी देऊन बिघडलेल्या जमिनींविषयी हाच शब्द कानी पडतो. माझ्या मते या एका शब्दाने शेतकऱ्याचे पुष्कळ नुकसान होत आहे; कारण त्याखाली दोन निराळे रोग झाकले जातात, आणि एकाचे औषध दुसऱ्यास चालत नाही.

मीठ व धुण्याचा सोडा हे दोन्ही रसायनशास्त्राच्या दृष्टीने क्षारच. दोहोंतही सोडियम आहे. परंतु मिठाचे पाणी उदासीन राहते, त्याचा सामू ७ च्या आसपास असतो. सोड्याचे पाणी मात्र अल्कधर्मी होऊन बोटांना बुळबुळीत लागते. (सामू एका अंकाने वाढला की आम्लता दहापटीने घटते, तेव्हा ८ आणि ९ यांतील अंतर दिसते तेवढे लहान नव्हे.)

कैरीच्या फोडींना मीठ लावले की पाणी सुटते. क्षारयुक्त जमिनीत मुळांची गत काहीशी तशीच होते. मातीतील पाण्यात क्षार फार झाले म्हणजे ओल असूनही मुळांना ती शोषता येत नाही. अशा जमिनीवर पांढरा थर दिसतो. चर काढून गोडे पाणी दिल्यास हे क्षार धुऊन जातात.

चोपण जमिनीचे दुखणे अधिक खोल असते. तेथे सोडियम चिकणमातीच्या कणांनाच चिकटलेला असतो. कण विस्कटतात, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. सामू ८.५ च्या वर जातो, लोह व जस्त विरघळेनासे होऊन पाने पिवळी पडतात. येथे जिप्सम हवे. त्यातील कॅल्शियम सोडियमची जागा घेतो व सुटलेला सोडियम सल्फेटच्या रूपाने पाण्याबरोबर निघून जातो. चरच नसेल तर तो जाणार कोठे? दोन्ही दोष असलेली जमीन नुसत्या पाण्याने धुणे तर धोक्याचेच. क्षार जातात, चोपणपणा मागे उरतो.

२०१५ पासून मिळणाऱ्या मृद आरोग्य पत्रिकेत सामू व विद्युत वाहकता हे दोन्ही आकडे असतात. पुष्कळ कार्यकर्ते नत्र, स्फुरद, पालाश तेवढे वाचून दाखवितात. चिकटलेल्या सोडियमचे प्रमाण पत्रिकेत नसते. सामू चढा दिसताच ते प्रयोगशाळेकडून निराळे तपासून घ्यावे. जिप्समची पोती गाडीत भरण्यापूर्वी तो अहवाल हाती असावा, आणि त्याही आधी चराची दिशा ठरलेली असावी.