मुद्दलात भर कोण घालणार?

आमच्या सक्करदऱ्याजवळ, रेशीमबागेत २०१७ साली सुरेश भट सभागृह उभे राहिले. तिथून जाताना वाटते, नवे संगीत नाटक इथे कधी जन्मेल?

‘कट्यार काळजात घुसली’ लिहिणारे पुरुषोत्तम दारव्हेकर आपल्या नागपूरचे. १९६७ साली त्याला संगीत दिले मंगेशीच्या पं. जितेंद्र अभिषेकींनी. ‘मत्स्यगंधा’पासूनच त्यांनी लांबलचक नाट्यपदे आटोपशीर केली होती. अनेक गुरूंकडे शिकलेल्या या संगीतकाराने ‘कट्यार’मध्ये दोन घराण्यांचे वैर चालींतूनच उभे केले.

अभिषेकी १९९८ साली गेले. २०१५ च्या चित्रपटाने त्यांच्या चाली नव्या पिढीच्या ओठी आल्या. आनंदच आहे, पण बँकेतल्या नोकरीने मला एक शिकवले: मुद्दलात भर न घालता नुसत्या व्याजावर घर फार दिवस चालत नाही. सभागृह निधीतून बांधता येते. संगीतकार मात्र वर्षानुवर्षांच्या तालमीतूनच घडतो. त्या तालमीची तरतूद कोण करणार?