मोडलेला उच्चांक आणि पुसलेले नाव

वार्षिक क्रीडास्पर्धा आटोपल्या की कित्येक शाळांत उच्चांकांच्या फलकावर रंगाचा हात फिरतो. जुने नाव त्या रंगाखाली जाते व त्याच जागी नवे नाव लिहिले जाते. नव्या विजेत्याचे कौतुक व्हावे हे योग्यच. तथापि ज्याचे नाव झाकले गेले त्याने कोणता अपराध केला, हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही. तोच आज आम्ही विद्यार्थ्यांपुढे व त्यांच्या पालकांपुढे ठेवीत आहो.

उच्चांक ही एकट्याची करणी नव्हे. आमच्या एकोडीतील एखादा मुलगा बोडीच्या पाळीवरून एकटाच धावला, तर तो वेगाने धावला एवढेच म्हणता येईल. त्याने उच्चांक मोडला असे म्हणावयाचे, तर त्याच्या आधी कोणीतरी घाम गाळून एक आकडा मागे ठेवलेला असला पाहिजे. तो आकडा नसेल तर मोडावयाचे तरी काय?

बीड जिल्ह्यातील मांडवा गावचे अविनाश साबळे यांचे नाव आज मुलांच्या तोंडी आहे. तीन हजार मीटरांच्या अडथळ्यांच्या शर्यतीत धावणाऱ्यास अठ्ठावीस वेळा अडथळे व सात वेळा पाण्याचा खड्डा ओलांडावा लागतो. ही शर्यत साबळे यांनी २०१८ साली भुवनेश्वर येथे ८ मिनिटे २९.८० सेकंदांत पुरी करून राष्ट्रीय उच्चांक मोडला. तो उच्चांक कोणाचा होता, असे विचारल्यास मात्र बहुतेक मुले गप्प राहतील. तो गोपाल सैनी यांचा होता. १९८१ साली टोकियो येथे त्यांनी ८ मिनिटे ३०.८८ सेकंद ही वेळ नोंदविली होती. साबळे यांचा जन्म १९९४ चा. म्हणजे ते जन्मले तेव्हा तो आकडा तेरा वर्षांचा झाला होता. सदतीस वर्षे तो कोणास मोडता आला नाही, आणि मोडला तोही एका सेकंदाहून किंचित अधिक फरकाने. पुढे साबळे यांनी स्वतःचाच उच्चांक अनेकदा मागे टाकीत २०२४ साली पॅरिस येथे ८ मिनिटे ९.९१ सेकंदांपर्यंत मजल मारली. ही प्रगती खचित अभिमानास्पद आहे; परंतु ती केवढी मोठी हे मोजावयाचे तर आरंभी सैनींचाच आकडा घ्यावा लागतो.

कोणी म्हणेल, जुन्याचे नाव घेतल्याने नव्याचे तेज कमी होते. आम्हांस हे मान्य नाही. १९४३ सालच्या पंचरंगी क्रिकेट सामन्यांत सांगलीचे विजय हजारे यांनी २४८ धावा काढल्या. अंतिम सामन्यात विजय मर्चंट यांनी नाबाद २५० धावा करून त्यांना दोन धावांनी मागे टाकले. त्याच सामन्यात हजारे यांनी आपल्या संघाच्या दुसऱ्या डावातील ३८७ धावांपैकी ३०९ एकट्याने काढल्या. त्यांचा संघ हरला. पण त्या सामन्याची कथा सांगताना दोघांपैकी एकाचे नाव गाळले तर दुसऱ्याचीही थोरवी कळत नाही. ज्यास ओलांडले तो जितका मोठा, तितका ओलांडणाराही मोठा.

ही गोष्ट आमच्या भंडारा जिल्ह्यातील शेतकऱ्यास शिकवावी लागत नाही. कोहळी पूर्वजांनी खोदलेल्या तलावांच्या पाण्यावर आजही येथे धान पिकते. आजोबांपेक्षा चार खंडी अधिक पिकविणारा नातू तलाव आपणच बांधला असे म्हणत नाही. मग मैदानावरच ही कृतज्ञता का लोपावी?

यास्तव आमची सूचना अगदी साधी आहे. फलकावर नवे नाव ठळक अक्षरांत लिहावे. मात्र त्याखाली बारीक अक्षरांत पूर्वीच्या खेळाडूचे नाव, आकडा व साल राहू द्यावे. बक्षीससमारंभात दोन्ही नावे वाचली जावीत. जुना विजेता आज नांगर धरीत असो वा परगावी चाकरी करीत असो, त्यास अगत्याने बोलावून त्याच्याच हस्ते नव्यास बक्षीस द्यावे. यास फारसा खर्च नाही, आणि लाभ मात्र दोघांचाही आहे.

विद्यार्थिमित्रहो, तुम्ही जुने उच्चांक अवश्य मोडा. ते त्यासाठीच असतात. परंतु ज्याचा आकडा डोळ्यांपुढे ठेवून तुम्ही पहाटे उठलात व धावलात, त्याचे नाव विजयाच्या दिवशी स्वतःच्या मुखाने घ्या. उद्या तुमचाही आकडा कोणी मोडील. त्या दिवशी तुमचे नाव पुसले जावे की खालच्या ओळीत राहावे, हे तुम्ही आज काय करता यावर ठरेल.