दिवेलला आलेले दिवस

एरंडाला मराठीत कधी मान मिळाला नाही. निरर्थक चर्चा म्हणजे ‘एरंडाचं गुऱ्हाळ’, ओसाड गावात ‘एरंड बळी’, आणि तोंड वाकडं केलं की ‘एरंडेल प्यायलास का?’ आपले गुजराती शेजारीही ‘दिवेल प्यायलेल्या’ चेहऱ्याची अशीच थट्टा करतात. बडोद्याच्या घरांत दिवेलचा खरा मान उन्हाळ्यात, वर्षाचे गहू आणि तूरडाळ भरताना.

हल्ली मात्र मांडवीत दिवेल घ्यायला गेले, की शेजारी कॉलेजच्या मुली उभ्या असतात. कुणाला केसांसाठी हवं, कुणाला भुवयांसाठी. मुलींनो, तुमच्या लिपस्टिकचं लेबल वाचा. ‘रिसिनस कम्युनिस सीड ऑइल’ दिसलं, तर ते आपलं दिवेलच!

या मागणीचं कारण तेलाच्या घडणीत आहे. त्यातल्या मेदाम्लांपैकी ८५ ते ९० टक्के एकटं रिसिनोलेइक आम्ल असतं. त्यामुळे ते दाट, चकचकीत असतं आणि लिपस्टिकचा रंग त्यात छान मिसळतो. याच तेलापासून बुरशीवरच्या मलमांतलं अनडेसिलेनिक आम्ल बनतं. कर्करोगावरचं पॅक्लिटॅक्सेल पाण्यात विरघळत नाही, त्याच्या इंजेक्शनसाठीही एरंडेलापासून केलेला द्रव वापरतात. त्याच द्रवाची काही रुग्णांना तीव्र ॲलर्जी येते, म्हणून आधी दुसरी औषधं देतात. तेव्हा ‘नैसर्गिक’ म्हणजे निर्धोक, असं समजू नका. एरंडाच्या कच्च्या बीत रिसिन हे जहाल विष असतं, गरोदरपणी एरंडेल डॉक्टरांना विचारल्याशिवाय पोटात घ्यायचं नाही, आणि त्यानं केस वाढतात याला भक्कम पुरावा नाही.

जगातला बहुतेक एरंड भारतात पिकतो आणि भारतातला बहुतेक गुजरातेत, मुख्यतः बनासकांठा, पाटण, मेहसाणा, कच्छ या भागांत. १९६८ साली गुजरातेतच ‘जीसीएच-३’ हा संकरित वाण निघाला आणि उत्पादनानं उडी घेतली.

पण मला खटकतं ते पुढचं. आपण तेल परदेशी पाठवतो. त्यापासून चीन सेबॅसिक आम्ल करतो, फ्रेंच कंपनी नायलॉन-११ करते, आणि मोठी किंमत त्या मालाला मिळते. शेतकऱ्याच्या हाती येतो तो बियांचा भाव, तोही दरवर्षी वरखाली. आपल्या रणोलीत एरंडेलापासून पुढची रसायनं करणारा कारखाना आहे, म्हणजे हे काम इथे जमतं. पण असे कारखाने अजून खूप हवेत.

सयाजीराव महाराजांनी १८९० साली कलाभवन काढलं, ते इथल्या मुलांनी उद्योगाचं शास्त्र शिकावं म्हणून. आज आपल्या घरांतली कितीतरी मुलं केमिकल आणि फार्मसी शिकताहेत. प्रोजेक्टसाठी विषय शोधत असाल, तर मांडवीतून दिवेलची एक बाटली आणा आणि तिच्यापासून काय काय बनतं ते बघा. नोकरीसाठी कॅनडाचा फॉर्म भरण्याआधी एवढं जरूर करा.